टॅग गप्प झाला म्हणजे कासव गेलं का?

प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कासवमित्राचा आहे. त्यांच्या किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या ऑलिव्ह रिडले मादीला उपग्रह टॅग, म्हणजे पाठीवर चिकटवायचं, तिची जागा कळवणारं यंत्र, लावला. गावाने तिचं बारसं केलं, शाळेतली मुलं रोज फळ्यावर तिचा ठिपका काढू लागली. मधेच दोन-दोन दिवस सिग्नल नाही, एकदा तर ठिपका थेट सह्याद्रीच्या पलीकडे, मग पुन्हा समुद्रात, आणि तेविसाव्या दिवशी सगळंच थांबलं. ते विचारतात: टॅग खराब होता, हवामान आड आलं, की कासव मेलं? आणि पुढच्या हंगामात पुन्हा टॅग लावायचं ठरलं तर आम्ही काय बघावं, काय विचारावं?

मी गेली सोळा वर्षं जनावरांना कॉलर आणि टॅग लावण्याच्या कामात आहे. आधी विदर्भात वाघ-बिबटे, नंतर समुद्री कासवं. 'सिग्नल गेला' हा निरोप या काळात कितीदा आला याची मोजदाद नाही, तरी दर वेळी पोटात गोळा येतोच. म्हणून शाळेतल्या मुलांचं काय झालं असेल ते मला कळतं.

आधी थेट उत्तर देते. नुसता ठिपका थांबला, एवढ्यावरून कासव मेलं असं म्हणता येत नाही. टॅग गप्प व्हायला पुष्कळ कारणं असतात आणि त्यातल्या बऱ्याच कारणांचा कासवाच्या जिवाशी काहीही संबंध नसतो. पण तो कसा गप्प झाला, धाडकन की हळूहळू, हे त्याने शेवटच्या आठ-दहा दिवसांत पाठवलेल्या माहितीतून बहुतेक वेळा समजतं. ती माहिती लोकांसाठीच्या नकाशावर दिसत नाही. ती मागून घ्यावी लागते, आणि ती मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कारण रात्र-रात्र किनाऱ्यावर फिरून ते कासव तुम्हीच शोधून दिलं होतंत.

आता हे यंत्र चालतं कसं ते बघू, कारण 'मोबाइलसारखं काहीतरी' ही समजूत एकदा डोक्यात बसली की पुढचं सगळं चुकतं.

मोबाइल टॉवरशी बोलतो आणि टॉवरचं ऐकतोही. कासवांवरचे बहुतेक टॅग अर्गोस नावाच्या यंत्रणेवर चालतात आणि ते फक्त बोलतात. वर कोणी ऐकतंय का, हे त्यांना कळत नाही. सेकंदाहूनही छोटा संदेश, पाऊण-एक मिनिटाच्या अंतराने, ४०१.६५ मेगाहर्ट्झच्या आसपास सोडत राहायचा, एवढंच त्यांचं काम. ही यंत्रणा १९७८ पासून चालू आहे. तिचे जुने, मोठे उपग्रह साधारण ८५० किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांवरून फिरतात. क्षितिजावर उगवून पुन्हा मावळेपर्यंत एका उपग्रहाला सरासरी दहा मिनिटं लागतात. ध्रुवाजवळच्या अस्वलाला तो प्रत्येक फेरीत, म्हणजे दिवसाला चौदा वेळा भेटतो. विषुववृत्ताकडे येऊ तशा या भेटी कमी होत जातात. आपलं कोकण साधारण १७ अंशांवर आहे, इथे एका उपग्रहाच्या दिवसाला जेमतेम चारेक फेऱ्या पदरात पडतात. म्हणून उपग्रहांची संख्या महत्त्वाची ठरते. त्यात आपल्या इस्रोचाही हात आहे: २०१३ चा सरल आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेला ओशनसॅट-३, दोघांवरही अर्गोसचं यंत्र बसवलेलं होतं. २०२४ आणि २०२५ मध्ये किनेइस या फ्रेंच कंपनीचे २५ छोटे उपग्रह वर गेल्यापासून ऐकणारे कान आणखी वाढले.

आता यात कासव आणा. ते श्वास घ्यायला वर येतं, डोकं आणि पाठीचा थोडा भाग पाण्याबाहेर काढतं आणि पुन्हा बुडी मारतं. खारं पाणी रेडिओ लहरी पिऊन टाकतं. अँटेनावर चार बोटं पाणी असलं तरी संदेश तिथेच संपतो. म्हणून टॅगवर दोन धातूचे ठिपके असतात. ते दोन्ही पाण्यात असले की त्यांच्यात वीज वाहते, टॅगला कळतं की आपण बुडालेलो आहोत, आणि तो बॅटरी वाचवत गप्प बसतो. ठिपके कोरडे झाले की लगेच बोलतो. हिशेब करून बघा. कासव अर्ध्या तासाने मिनिटभर वर आलं, तर उपग्रहाच्या दहा मिनिटांत ते एकदा वर येईल किंवा येणारही नाही. आलं तरी संदेश पोचणार एक, फार तर दोन. समुद्र खवळलेला असला तर लाट नेमकी त्याच क्षणी पाठीवरून जाते. तेव्हा दोन दिवस ठिपका नाही, यात टॅगचा काही दोष नाही. उन्हात पाण्यावर तरंगत पडून राहायची रिडलेला सवय असते, त्या दिवशी मात्र भराभर ठिपके येतात. गावाला वाटतं टॅग सुधारला. खरं तर कासव निवांत असतं.

डोंगरातला ठिपका हाही यातूनच येतो. अर्गोस टॅगची जागा जीपीएसने काढत नाहीत. स्टेशनात न थांबता गाडी गेली की तिचा भोंगा येताना चढा आणि जाताना उतरता ऐकू येतो ना, तसाच फरक उपग्रहाला टॅगच्या लहरींत ऐकू येतो, आणि त्या चढ-उतारावरून गणित मांडून जागा निघते. या गणिताला दोन उत्तरं येतात, उपग्रहाच्या वाटेच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला तसंच दुसरं. संदेश चार किंवा जास्त मिळाले तर खरं उत्तर निवडता येतं आणि चूक किती असेल तेही सांगता येतं. एक-दोनच मिळाले तर चुकीची बाजू निवडली जाऊ शकते, किंवा ठिपका दहा-वीस किलोमीटर सरकू शकतो. म्हणून प्रत्येक ठिपक्याला प्रत लावलेली असते. ३ म्हणजे चूक २५० मीटरच्या आत, २ म्हणजे ५०० पर्यंत, १ म्हणजे दीड किलोमीटरपर्यंत, ० म्हणजे त्याहून जास्त. ए आणि बी या प्रतींना चुकीचा अंदाजच देता येत नाही, आणि झेड टाकून द्यायचा. समुद्री कासवांचे निम्म्याहून जास्त ठिपके ए-बी मध्येच निघणं ही रोजची गोष्ट आहे. तुमचा सह्याद्रीपलीकडचा ठिपका बी प्रतीचा असणार. शाळेच्या फळ्यावर काढताना तो खडूने पोकळ गोल काढा आणि चांगल्या प्रतीचा भरीव काढा. मुलांना हे चटकन कळतं, मी दोन-तीन शाळांत करून बघितलंय.

हवामानाचं उत्तर लवकर देता येईल. जोराचा पाऊस आला की घरची डिश टीव्ही बंद पडते, त्यावरून लोकांना वाटतं की ढग आले की उपग्रहाचा सिग्नल जातो. डिशच्या लहरी १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, पावसाचे थेंब त्यांना अडवतात. टॅगच्या ४०१ मेगाहर्ट्झच्या लांब लहरींना ढगांनी आणि पावसाने जवळजवळ काहीच होत नाही. जीपीएसच्या दीड गिगाहर्ट्झलाही फारसा फरक पडत नाही. पावसाळ्यात सिग्नल कमी होतो हे खरं, पण कारण आभाळात नसतं. समुद्रात ते लाटांत असतं, जंगलात ओल्या पानांत.

आता मुख्य मुद्दा, टॅग गप्प कसा झाला. टॅग जागेबरोबर आणखीही काही पाठवतो: बॅटरीचा दाब (व्होल्टेज), आजवर किती संदेश सोडले, किती वेळ कोरडा आणि किती वेळ ओला होता. हे आकडे पुढ्यात ठेवले की पुष्कळ कळतं.

बॅटरीचा दाब आठवडाभर घसरत गेला आणि मग टॅग थांबला, तर बॅटरी संपली. तेवीस दिवसांत नवी बॅटरी संपू नये. संपली असेल तर टॅग लावायच्या आधी कपाटात चालू अवस्थेत पडून राहिला होता का, हे विचारा. असं होतं. टॅग चालू-बंद करायला लोहचुंबक वापरतात. चुंबक पेटीत सरकला, टॅग जागा झाला, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

दाब चांगला, पण 'कोरडा' वेळ दिवसेंदिवस कमी होत शून्यावर आला, तर संशय बार्नॅकलवर. होडीच्या बुडाला पांढरे, टणक कवचाचे जीव चिकटतात तेच हे. होडी दर हंगामात ओढून, खरवडून, रंग काढून पाण्यात घालावी लागते ती यांच्यामुळेच. टॅगच्या धातूच्या ठिपक्यांवर ते वाढले की पाणी अडकून राहतं, टॅगला वाटतं आपण कायम पाण्यातच आहोत, आणि धडधाकट टॅग धडधाकट कासवाच्या पाठीवर गप्प बसतो. पण याला बहुधा काही महिने लागतात, तेवीस दिवसांत इतकं साचणं अवघड.

दाब चांगला, कोरडा वेळही नेहमीसारखा, आणि एका दिवसात सगळं बंद. यात अँटेना मोडणं सगळ्यात पुढे. ती पातळ तार असते. कासव खडकाखाली शिरतं, नर पाठीवर चढतो, तार वाकते आणि एक दिवस तुटते. टॅग सुटून पडला असंही होतं. कासव मेलं आणि बुडालं तरी चित्र असंच दिसतं, आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. जाळ्यात अडकून पाण्याखाली गुदमरलेलं कासव वर येतच नाही, मग टॅग बोलणार कुठून?

चौथं चित्र सगळ्यात बोलकं आहे. ते मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी आनंदले होते. एका मादीचे आठवडाभर सगळे ठिपके बी प्रतीचे येत होते. एका रात्री अचानक ३, २, ३, ३ अशा प्रती यायला लागल्या. तासाभरात आधीच्या दोन दिवसांहून जास्त संदेश. वाटलं, समुद्र शांत झाला. मग कोरड्या वेळेचा आकडा बघितला: पूर्ण कोरडा, सहा तास सलग. ठिपके एका सरळ रेषेत बंदराकडे येत होते, आणि वेग कासवाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेटीवर पोचलो. बोटीच्या तांडेलाने काहीही लपवलं नाही. टॅग केबिनमध्ये, फडक्यात गुंडाळून, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवलेला होता. कासव जाळ्यात मेलेलंच आलं होतं. ते त्यांनी पाण्यात सोडलं, पण पाठीवरच्या यंत्रावर नंबर बघून ते सोडवून आणलं. म्हणाला, "कोणाचं तरी असेल म्हटलं, ताई. फेकवेना." त्या माणसाशी आजही माझं बोलणं आहे. नंतर त्याच्या बोटीच्या जाळ्यात जिवंत कासवं आली ती त्याने मला कळवून, जाळं कापून सोडली.

म्हणून तुमच्या बाबतीत शेवटच्या दिवसांच्या ठिपक्यांच्या प्रती आणि कोरडा वेळ, या दोन गोष्टी सगळ्यात आधी मागा. अचानक प्रत सुधारून मग सगळं बंद झालं असेल तर बंदरात चौकशी करण्यात अर्थ आहे. तसं नसेल तर जो कोणी ठामपणे 'मेलं' किंवा 'आहे' म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

२०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेने कोकणात पाच माद्यांना टॅग लावले, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदाच. वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी, आणि रेवा, लक्ष्मी, वनश्री. मी त्या कामात नव्हते, तुमच्यासारखीच नकाशा बघत होते. लक्ष्मीचा सिग्नल काही आठवड्यांतच थांबला आणि तेव्हाही सगळीकडे हाच प्रश्न विचारला गेला. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री मात्र श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचलेली सगळ्यांनी बघितली. एकाच किनाऱ्यावरची, एकाच जातीची कासवं, आणि टॅगांच्या आयुष्यात एवढी तफावत. एका टॅगवर गावाची सगळी आशा बांधू नये, ती याचसाठी.

जमिनीवरचं थोडं सांगते, कारण तुमच्या भागात बिबट्यांना कॉलर लावली तर हेच प्रश्न येतील. कॉलरमध्ये जीपीएस असतं आणि जागा इरिडियमच्या उपग्रहांतून किंवा मोबाइलच्या जाळ्यातून येते. इरिडियमचे ६६ उपग्रह ७८० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे वर ऐकणारा जवळजवळ कायम असतो. अडतं ते जीपीएसचं. त्याचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, सिग्नल अतिशय क्षीण, आणि ओली पानं, बांबूची गर्दी, नाल्याची खोल घळ यांत तो आणखी मरतो. वाघ भर दुपारी जांभळीखाली, पाण्याला पाठ लावून, कॉलरचा अँटेना जमिनीकडे करून झोपला की सहा तास काही येत नाही. कॉलरचं वजन खाली राहावं म्हणून बॅटरी गळ्याखाली ठेवतात, तरी ती फिरतेच.

इथे एक गोष्ट नवे लोक हमखास चुकतात. बॅटरी वाचावी म्हणून ते दर सहा तासांनी एकच जागा घ्यायला सांगतात. पण जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेची जी माहिती देतो ती साधारण चार तास चालते. सहा तासांनी जागी झालेली कॉलर ती शिळी माहिती टाकून नवी घ्यायला बसते. त्यासाठी अर्धा मिनिट सलग, न तुटता ऐकू यावं लागतं, आणि दाट जंगलात नेमकं तेच मिळत नाही. मग ती दीड-दोन मिनिटं धडपडते, बॅटरी खाते, आणि शेवटी रिकाम्या हाताने झोपते. दर दोन-तीन तासांनी जागा घेतली तर प्रत्येक वेळचं काम काही सेकंदांत होतं. मेळघाटासारख्या दऱ्याखोऱ्यांच्या जंगलात मी तीन तासांच्या वर कधीच जात नाही.

आणि कॉलरमध्ये जुना, साधा व्हीएचएफ बीकन, म्हणजे जवळून रेडिओवर ऐकू येणारा खुणेचा सिग्नल, असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. उपग्रहाचं सगळं मेलं तरी हातात यागी, म्हणजे दिशा शोधायचा, अँटेना घेऊन टेकडीवर उभं राहिलं की टिक-टिक ऐकू येते, आणि जनावर हललं नाही तर ती टिक-टिक दुप्पट वेगाने होते. उमरेड-करांडला अभयारण्यातला जय हा वाघ २०१६ च्या एप्रिलपासून दिसेनासा झाला तेव्हा त्याच्या गळ्यात कॉलर होती. ती बोलेनाशी झाली आणि नंतर एवढी शोधाशोध होऊनही तो सापडला नाही. तीन वर्षांनी टिपेश्वरचा एक वाघ कॉलर घेऊन १३०० किलोमीटरहून जास्त चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि त्याची वाट आपल्याला शेताशेतातून कळली. उघड्या शेतातून जाणाऱ्या वाघाला आभाळ भरपूर मिळतं, हेही त्यात आहे.

आता पुढच्या हंगामाचं. टॅग लावायला येणाऱ्यांना पहिलं विचारा: टॅग इथे किनाऱ्यावर, उघड्यावर, निदान एक दिवस चालवून बघितला का? कारखान्यातली चाचणी पुरेशी नाही. प्रवासात अँटेनाचा सांधा हलतो. दुसरं, टॅग किती तास चालू आणि किती बंद ठेवलाय? लहान सौरऊर्जेच्या पक्षी-टॅगना दहा तास चालू, अठ्ठेचाळीस तास बंद असं वेळापत्रक बऱ्याचदा असतं. २०१३ मध्ये नागालँडच्या पांगतीहून अमूर ससाण्यांना अवघ्या पाच ग्रॅमचे टॅग लावले गेले, इतक्या छोट्या टॅगला तेवढी विश्रांती लागते. कासवाच्या टॅगलाही असं वेळापत्रक दिलं असेल तर ते गावाला आधी सांगा, म्हणजे बंदच्या दिवशी कोणी घाबरणार नाही.

तिसरं, चिकटवणं, आणि यात घाई मला अजिबात चालत नाही. अंडी घालून झाल्यावरच कासवाला हात लावायचा. पाठ ब्रशने घासायची, शेवाळ आणि वाळू काढायची, पॉलिश पेपरने खरखरीत करायची, अ‍ॅसिटोनने पुसायची आणि पूर्ण कोरडी होऊ द्यायची. टॅग चिकटवायचं इपॉक्सी वाळताना तापतं, म्हणून पातळ थर देत जायचं आणि हाताचा तळवा जवळ धरून ऊब बघत राहायची. जाड थर एकदम दिला तर कवचाला इजा होते. कडा उताराच्या करायच्या, जाळं अडकू नये म्हणून. धातूचे ठिपके सोडून बाकी सगळ्यावर बार्नॅकल-विरोधी रंग लावायचा. एकदा माझ्या अंगावर अशी वेळ आली होती: भरती चढत होती, कासव चुळबुळ करत होतं, सगळे म्हणत होते सोडा आता. मी दहा मिनिटं आधी सोडलं. टॅग नवव्या दिवशी गेला. कारण मला माहीत आहे.

आणि टॅगबरोबर पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा साधा क्रमांकाचा बिल्लाही लावायला सांगा. ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ मध्ये असा बिल्ला लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. बॅटरी नाही, अँटेना नाही, उपग्रह नाही, आणि तरी पूर्व किनारा ते पश्चिम किनारा ही वाट कळली. ते कळलं ते रात्री किनाऱ्यावर विजेरी घेऊन फिरणाऱ्या माणसांमुळे. तुमची मादी पुन्हा आली तर तीही अशीच सापडेल. पाठीवर टॅग नसला तरी इपॉक्सीचा डाग किंवा खरवडलेली खूण दिसते का, हे या हंगामात प्रत्येक मादीच्या पाठीवर बघा.

टॅग किनाऱ्यावर वाहून आलेला मिळाला किंवा कोणा खलाशाने आणून दिला, तर तो उघडू नका, धुवायच्या फंदात पडू नका, आणि स्पीकर, मोबाइलचं चुंबकी कव्हर यांच्याजवळ ठेवू नका. नंबराचा फोटो काढा आणि वनविभागाला कळवा. मग तो घरात नेण्याऐवजी अंगणात, उघड्या आभाळाखाली, अँटेना सरळ वर करून ठेवा. आत थोडा जीव उरला असेल तर कोरडा झाल्यावर तो बोलायला लागतो आणि दिवसभरात तुमच्या अंगणाचा ठिपका ३ प्रतीचा येतो. तसा आला तर मला जरूर कळवा, मी लगेच निघेन.